पहारा सोडणारा शिपाई : बेरेगॉन्ड आणि कर्तव्याचा उरलेला हिशेब

कर्तव्य या विषयावर बोला म्हटलं की आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर लगेच कांटकडे धाव घेतो. कांट आजही येणार आहे, पण जरा उशिरानं. आज आपण सुरुवात करू एका काल्पनिक राज्यातल्या साध्या पहारेकऱ्यापासून. त्याचं नाव बेरेगॉन्ड.

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीचा तिसरा भाग, 'द रिटर्न ऑफ द किंग', १९५५ च्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाला. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी २००३ साली आलेला त्याच नावाचा चित्रपट पाहिला असेल. ११ ऑस्कर मिळवणारा तो चित्रपट. पण ज्यांनी फक्त चित्रपट पाहिला, त्यांना बेरेगॉन्ड माहीत असण्याचं कारण नाही, कारण चित्रपटात तो नाहीच. त्याच्या वाट्याचं काम तिथे इतरांना वाटून दिलेलं आहे. कथा भरभर पुढे जावी म्हणून ते केलं असेल, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र हा माणूस गाळला की कादंबरीतला एक फार अवघड नैतिक प्रश्नही गळून पडतो. तो प्रश्न असा : हुकूम मोडणं योग्य होतं, हे एकदा ठरलं की विषय संपतो का?

आधी प्रसंग नीट समजून घेऊ. ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी जरा सावकाश सांगतो.

गॉन्डॉर नावाचं एक जुनं राज्य आहे. त्याची राजधानी मिनास तिरिथ, डोंगराच्या उतारावर सात कोटांमध्ये बांधलेलं शहर. या राज्याला कित्येक शतकं राजा नाही. राजाच्या नावानं वंशपरंपरागत कारभारी राज्य चालवतात. कथेच्या वेळी कारभारी आहे डेनेथॉर. बुद्धिमान, करारी आणि तितकाच अभिमानी. त्याचा थोरला मुलगा मारला गेला आहे. धाकटा फॅरामिर लढाईत जखमी होऊन तापानं बेशुद्ध पडला आहे. शत्रूनं शहराला वेढा घातला आहे, खालच्या कोटात आगी लागल्या आहेत.

अशा वेळी डेनेथॉरचं मन तुटतं. त्याच्याकडे दूरचं दाखवणारा एक मंतरलेला स्फटिकगोल आहे. त्यात त्याला काळ्या शिडांच्या जहाजांचा ताफा नदीतून शहराकडे येताना दिसलेला असतो. दिसलं ते खरंच होतं, पण अर्धं. त्या जहाजांतून शत्रू येत नव्हता, मदत येत होती. हे त्याला कळायला मार्ग नव्हता. सगळं संपलं असं मानून तो ठरवतो की आपण आणि आपला मुलगा, दोघांनी पूर्वजांच्या समाधिगृहात सरणावर जळून जायचं. मुलगा जिवंत आहे, श्वास चालू आहे, हे त्याला दिसत असूनही. तो सेवकांना हुकूम देतो. सेवक रडवेले होतात, पण पलंग उचलतात.

आता इथे चार प्रकारची माणसं एकाच हुकुमाखाली सापडतात. ती आपण एकेक करून पाहू, कारण आजच्या बोलण्याचा पाया तोच आहे.

पहिले, सेवक. धनी म्हणेल ते करायचं, ही त्यांची आयुष्यभराची सवय. दुष्ट माणसं नाहीत बरं का ती. लाकडं रचतात, तेल ओततात, आणि आत कुठेतरी त्यांना हे भयंकर आहे हेही कळत असतं.

दुसरा, समाधिस्थळाच्या बंद दाराचा रखवालदार. त्याच्याजवळ किल्ली असते. कारभारी सोडून इतर कुणाला आत सोडायचं नाही, एवढंच त्याचं काम. कादंबरीत त्याला नावसुद्धा नाही. त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

तिसरा, पिपिन. दूरच्या शांत मुलुखातला एक बुटका पोरगा. काही दिवसांपूर्वीच त्यानं डेनेथॉरच्या चाकरीची शपथ घेतलेली. डेनेथॉर त्याला शपथेतून मोकळं करतो. पिपिन मात्र ती मोकळीक घेत नाही. धनी जिवंत असेपर्यंत आपण शब्दाला बांधलेले आहोत असं तो सांगतो, पण थेट धावत सुटतो तो गॅन्डाल्फ या जाणत्या माणसाला शोधायला. जाताजाता सेवकांना विनवतो की फॅरामिर जिवंत आहे तोवर आग आणू नका.

आणि चौथा बेरेगॉन्ड. गडाच्या पहारेकऱ्यांच्या तिसऱ्या तुकडीतला शिपाई. अधिकारी नव्हे, सरदार नव्हे. काळारुपेरी पोशाख, एक दहा वर्षांचा मुलगा, फॅरामिरबद्दल मनापासून माया. पिपिन या शहरात नवखा होता तेव्हा त्याला इथल्या रीती समजावून सांगण्याचं काम यानंच केलेलं. पिपिन धावत दाराशी येतो आणि झाला प्रकार सांगतो, तेव्हा बेरेगॉन्डची पहाऱ्याची पाळी चालू आहे. तो प्रामाणिकपणे सांगतो, मला जागा सोडता येत नाही. परवानगीशिवाय पहारा सोडायचा नाही असा कडक नियम आहे आणि ती परवानगी देणारा माणूस स्वतः डेनेथॉर. पिपिन म्हणतो की हुकूम की फॅरामिरचा जीव, हे तुला निवडावं लागेल. आणि तो पुढे पळतो.

म्हणजे ज्याच्या हुकुमाविरुद्ध जायचं, परवानगीही त्याचीच लागणार. नियमांच्या पुस्तकात या पेचाला उत्तर नसतं.

बेरेगॉन्ड पहारा सोडतो. समाधिस्थळाकडे धावतो. रखवालदार वाट अडवतो, तलवार उपसतो, आणि झटापटीत बेरेगॉन्डच्या हातून मारला जातो. बेरेगॉन्ड किल्ली घेतो, आत जातो आणि समाधिगृहाच्या दारात उभा राहून सेवकांना रोखून धरतो. ज्या जागी रक्त सांडणं निषिद्ध, तिथे त्याच्या तलवारीनं आणखी दोघे पडतात. ते सगळे त्याला गद्दार म्हणून ओरडत असतात. तेवढ्यात पिपिन गॅन्डाल्फला घेऊन पोहोचतो. फॅरामिर वाचतो. डेनेथॉरला मात्र कुणी वाचवू शकत नाही, तो स्वतःला पेटवून घेतो.

इथवर गोष्ट झाली. आता विचाराला सुरुवात करू.

कुणी म्हणेल, सर, यात अवघड ते काय? बाप वेडा झाला, मुलाला जाळायला निघाला, शिपायानं वाचवलं, उत्तम केलं. थांबा जरा. शिपायाच्या जागी उभं राहून बघा. त्याच्याजवळ पुरावा किती? एका धापा टाकणाऱ्या, काही दिवसांच्या ओळखीच्या पोराचं बोलणं. शहराला वेढा पडलेला. अशा वेळी दारावरचा शिपाई कुणाच्या तरी सांगण्यावरून जागा सोडून जाऊ लागला तर शहर टिकेल का? आणि आपला सेनापती वेडा झाला आहे हे ठरवण्याचा अधिकार पहारेकऱ्याला कुणी दिला?

आता कांट. १७८४ साली त्यानं 'प्रबोधन म्हणजे काय' या प्रश्नावर एक छोटा निबंध लिहिला. त्यात त्यानं सैनिकी अधिकाऱ्याचं उदाहरण घेतलं आहे. वरून हुकूम आला असताना तो शहाणपणाचा आहे की नाही यावर अधिकारी कामावर असताना वाद घालत बसला तर अनर्थ होईल, त्यानं हुकूम पाळलाच पाहिजे. मात्र तोच माणूस एक विचारी नागरिक म्हणून सैन्यातल्या चुकांवर जाहीरपणे लिहू शकतो, लोकांपुढे मत मांडू शकतो. एकूण सूत्र काय, तर काम करताना पाळा आणि नंतर मोकळेपणानं बोला. बहुतेक हुकुमांना हे सूत्र चालतं. रोजच्या कारभारात ते आवश्यकही आहे. पण बेरेगॉन्डच्या प्रसंगात 'नंतर' उरत नाही. माणूस जळून गेल्यावर कितीही चांगला लेख लिहिला तरी काय उपयोग?

याच कांटचं नाव पुढे एका भलत्याच माणसानं घेतलं. १९६१ साली जेरुसलेममध्ये अ‍ॅडॉल्फ आइकमनवर खटला चालला. लाखो ज्यूंना मृत्यूच्या छावण्यांकडे पाठवणारी यंत्रणा चालवणाऱ्यांपैकी हा एक अधिकारी. त्यानं कोर्टात सांगितलं की आपण आयुष्यभर कांटच्या कर्तव्यकल्पनेप्रमाणे वागलो. हाना आरेंट यांनी १९६३ च्या आपल्या पुस्तकात याची दखल घेतली आणि दाखवून दिलं की कांटच्या नीतीत आंधळ्या आज्ञापालनाला जागाच नाही. तिथे प्रत्येक माणसानं स्वतःची विवेकबुद्धी वापरून नियम घडवायचा असतो. आइकमननं विवेकाच्या जागी हिटलरची इच्छा बसवली आणि नाव मात्र कांटचं ठेवलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गच्या न्यायाधिकरणानं 'वरून हुकूम होता' हा बचाव मान्य केला नाही. ते तत्त्व १९५० साली संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगानं शब्दबद्ध केलं. सरकारच्या किंवा वरिष्ठांच्या हुकुमानं कृत्य केलं म्हणून जबाबदारी टळत नाही, मात्र त्या माणसाला नैतिक निवड करणं प्रत्यक्षात शक्य असायला हवं. ही शेवटची अट महत्त्वाची. टॉल्किनची कादंबरी बाहेर आली ती याच दशकात. ती त्या खटल्यांवरचं रूपक आहे असं आम्ही अजिबात म्हणणार नाही, टॉल्किनला रूपकांचा तिटकारा होता. पण शिपायाचं कर्तव्य कुठे संपतं, हा प्रश्न त्या काळाच्या हवेत होता एवढं खरं.

टॉल्किनकडे तो प्रश्न त्याही आधी आलेला होता. १९१६ साली तो लँकेशायर फ्युझिलिअर्समध्ये संदेशवहनाचा अधिकारी म्हणून फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत होता. खंदकांत उवांमुळे पसरणाऱ्या तापानं आजारी पडून त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंग्लंडला परतला. युद्ध संपेपर्यंत त्याच्या जिवलग मित्रांपैकी एक सोडून सगळे गेले होते. कादंबरीतल्या बेरेगॉन्डच्या गुन्ह्याला जुन्या कायद्यानं देहदंड आहे. वाचताना आपल्याला ही परीकथेतली क्रूर प्रथा वाटते. पण ज्या सैन्यात टॉल्किन नोकरी करत होता, त्यातही शत्रूसमोर जागा सोडणं हा मृत्युदंडाचा गुन्हा होता. पलायन, भ्याडपणा अशा गुन्ह्यांसाठी ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यात ज्यांना गोळ्या घातल्या गेल्या, त्यांपैकी ३०६ जणांना ब्रिटिश सरकारनं २००६ साली माफी दिली. गंमत बघा, आणि ही गंमत कडू आहे, त्या कायद्यात असंही लिहिलेलं आहे की या माफीमुळे मूळ दोषसिद्धीवर किंवा शिक्षेवर परिणाम होत नाही. म्हणजे कलंक पुसला, नोंद ठेवली. हा मुद्दा ध्यानात ठेवा, आपल्याला तो पुन्हा लागणार आहे.

अजून एक धागा. टॉल्किन पेशानं प्राचीन इंग्रजीचा प्राध्यापक. इसवी सन ९९१ मध्ये मॉल्डनला व्हायकिंगांशी झालेल्या लढाईवर एक जुनं काव्य आहे. तिथल्या सेनापतीनं दिमाखापायी शत्रूला पाणी ओलांडून पलीकडे येऊ दिलं आणि लढाई हरली. १९५३ साली टॉल्किननं त्यावर एक संवादनाट्य आणि एक टिपण प्रसिद्ध केलं. त्याचं म्हणणं साधारण असं की सेनापतीच्या अहंकाराची किंमत हाताखालच्या लोकांनी मोजली, आणि खरी थोरवी त्या हाताखालच्यांची, जे निष्ठेनं शेवटपर्यंत उभे राहिले. आता हे डोळ्यांसमोर ठेवून बेरेगॉन्डकडे बघा. ज्या लेखकाला शिपायाच्या आज्ञापालनाबद्दल इतका आदर आहे, तोच इथे आज्ञा मोडणारा शिपाई उभा करतो. आज्ञापालन ही त्याच्या लेखी क्षुल्लक गोष्ट नाही, म्हणून ती मोडण्याचा प्रसंगही तो स्वस्तात सोडत नाही.

आता ज्याला आम्ही तत्त्वज्ञानातला पहिला शिपाई म्हणतो त्या सॉक्रेटिसकडे वळू. तो खरोखर शिपाई होता. पोटिडिया, अँफिपोलिस, डेलियम, या तीन मोहिमांत लढलेला. इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये त्याच्यावर खटला चालला, तेव्हा प्लेटोच्या वृत्तांतानुसार त्यानं हेच सांगितलं : सेनापतींनी नेमून दिलेली जागा मी मरणाच्या भीतीनं सोडली नाही, मग विचार करण्याची ही नेमून दिलेली जागा कशी सोडू? पण याच भाषणात दुसरी हकिगत आहे. अथेन्सवर तीस जुलमी सत्ताधाऱ्यांचं राज्य असताना त्यांनी सॉक्रेटिससह पाच जणांना बोलावून हुकूम केला की सालामिसच्या लिऑनला पकडून आणा, त्याला ठार करायचं आहे. चौघे गेले. सॉक्रेटिस सरळ घरी गेला.

एकच माणूस, एकदा जागा सोडत नाही आणि एकदा हुकूम मानत नाही. यात विसंगती नाही हे आपल्याला कळतं. पण एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. सॉक्रेटिस घरी गेला आणि लिऑन मारला गेला. सॉक्रेटिसचे हात स्वच्छ राहिले. लिऑनला मात्र त्याचा काही उपयोग झाला नाही. बेरेगॉन्डलाही हा पर्याय होता. 'या पापात मी नाही' असं म्हणून तो दारावर उभा राहू शकला असता. त्याला तर सरण रचायला कुणी सांगितलंही नव्हतं. त्याचे हात स्वच्छ राहिले असते आणि फॅरामिर जळाला असता. त्यानं दुसरी वाट धरली. फॅरामिर वाचला आणि याच्या हातांना तीन माणसांचं रक्त लागलं. नकार देणं आणि आड येणं या दोन वेगळ्या कृती आहेत, आणि दुसरीची किंमत जवळजवळ नेहमीच कुणीतरी तिसरा माणूस मोजतो.

इथे महाभारतातला एक अगदी छोटा माणूस आठवतो. द्यूतसभेत द्रौपदीला आणायला दुर्योधन आधी दुःशासनाला पाठवत नाही, प्रातिकामी नावाच्या सेवकाला पाठवतो. द्रौपदी त्याला प्रश्न देऊन परत पाठवते. तो येऊन तो प्रश्न भर सभेत विचारतो. दुर्योधन पुन्हा दरडावतो तेव्हा तो घुटमळतो आणि सभेलाच विचारतो, की मी तिला काय सांगू? मग दुर्योधन दुःशासनाला धाडतो. प्रातिकामीनं बंड केलं नाही. त्यानं फक्त वेळ काढला आणि प्रश्न मोठ्यांच्या पुढ्यात ठेवला. पिपिननं सेवकांना हेच सांगितलं होतं : थोडं थांबा, उशीर करा. पुष्कळदा लहान माणसाच्या हातात एवढंच असतं, आणि ते कमी नसतं.

आता आपण रखवालदाराकडे येऊ. आमच्या मते या प्रसंगाचं मर्म तिथे आहे.

त्याच्या बाजूनं पाहा. रात्र कशीबशी संपते आहे, शहर जळतं आहे. आपला धनी थोड्या वेळापूर्वी मुलाला घेऊन आत गेला. एवढ्यात गडावरचा एक शिपाई पहारा टाकून तलवारीनिशी धावत येतो आणि पवित्र जागेची किल्ली मागतो. त्यानं काय करायला हवं होतं? द्यायला हवी होती किल्ली? नाही ना! त्यानं दार राखलं. म्हणजे एका तासापूर्वी त्या जागी बेरेगॉन्ड असता तर त्यानं जे केलं असतं, नेमकं तेच. कर्तव्य चोख बजावताना मारला गेलेला माणूस हा आहे. टॉल्किनला तो लाचखाऊ किंवा दुष्ट दाखवता आला असता, म्हणजे वाचकाला बोचलं नसतं. त्यानं तसं केलं नाही. उलट परत जाताना त्या प्रेताशी पोहोचल्यावर बेरेगॉन्डच्या तोंडून कबुली येते की या कृत्याची खंत मला कायम राहील, घाईनं मी बेभान झालो होतो आणि तो ऐकून घेत नव्हता.

ही खंत म्हणजे काय? हा पश्चात्ताप आहे का? पश्चात्ताप म्हणजे 'मी असं करायला नको होतं'. तसं म्हणावं, तर फॅरामिरला वाचवायला नको होतं असं म्हणावं लागेल. ते बेरेगॉन्ड म्हणणार नाही, आपणही म्हणणार नाही. मग योग्य कृत्याची खंत कशी वाटू शकते?

या कोड्यावर डब्ल्यू. डी. रॉस या ऑक्सफर्डच्याच तत्त्वज्ञानं १९३० साली 'द राइट अँड द गुड' या पुस्तकात फार उपयोगी विचार मांडला. त्याचं म्हणणं, आपल्यावर एकाच वेळी अनेक 'प्रथमदर्शनी कर्तव्यं' असतात. दिलेला शब्द पाळणं, इजा न करणं, संकटातल्याला मदत करणं, उपकार फेडणं. ती एकमेकांच्या आड आली की एकाला माघार घ्यावी लागते. पण माघार घेतलेलं कर्तव्य रद्द होत नाही. कुणाचा जीव वाचवायला थांबलो म्हणून दिलेली वेळ चुकली, तर आपण योग्यच वागलो. तरी मनाला चुटपुट लागते आणि ज्याची वेळ चुकवली त्याचं काहीतरी भरून द्यावं असं वाटतं. ही चुटपुट वेडगळ नाही. मागे पडलेल्या कर्तव्याची ती पोच आहे. पुढे बर्नार्ड विल्यम्स यांनी १९६५ च्या एका निबंधात हाच धागा ताणला आणि म्हटलं की नैतिक पेच सोडवल्यावरही काहीतरी शिल्लक उरतं. मराठीत आपण त्याला 'उरलेला हिशेब' म्हणू.

आता या कसोटीवर बेरेगॉन्ड पुढे काय करतो ते पाहा, कारण त्याच्या कर्तव्यनिष्ठेचा पुरावा आज्ञा मोडण्यात नसून त्यानंतरच्या वागण्यात आहे. तो पळून जात नाही. डेनेथॉरवर वार करत नाही, सत्ता हातात घेत नाही. त्यानं फक्त दार अडवून धरलं, आणि तेसुद्धा मोठा जाणता माणूस येईपर्यंत. काम होताच जागा सोडली. गाभाऱ्यातली आग विझवायला जितकं पाणी लागेल तितकंच न्यावं, देवळावर नळ सोडू नये, असं काहीसं त्याचं वागणं आहे. पुढे तो सैन्याबरोबर काळ्या दरवाजापर्यंतच्या शेवटच्या, जवळजवळ निराशेच्या मोहिमेवर जातो. तिथे पहिल्या रांगेत लढताना मरता मरता वाचतो, आणि त्याला वाचवतो तो पिपिन. आणि युद्ध जिंकल्यावर नव्या राजापुढे न्यायासाठी उभा राहतो.

नवा राजा ॲरागॉर्न. शहरभर आनंदीआनंद आहे. अशा वेळी राजानं 'जा बाबा, तू वीर आहेस' म्हटलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या. राजा तसं करत नाही. तो आधी दोन्ही गुन्हे स्पष्ट उच्चारतो : निषिद्ध जागी रक्त सांडलं आणि परवानगीविना पहारा सोडला. जुन्या कायद्यात याला देहदंड होता हेही सांगतो. मग म्हणतो की रणातल्या शौर्यासाठी, आणि त्याहून अधिक म्हणजे हे सगळं फॅरामिरवरच्या प्रेमापोटी केलं म्हणून, शिक्षा माफ. तरीपण गडाचा पहारेकरी म्हणून तुला राहता येणार नाही, आणि हे शहर सोडावं लागेल.

ते ऐकून बेरेगॉन्डचा चेहरा उतरतो. तो मान खाली घालतो. आणि मग राजा पुरं करतो : फॅरामिर आता इथिलियनचा अधिपती झाला आहे, त्याच्या रक्षकदलाचा नायक म्हणून तुला नेमलं आहे. ज्याच्यासाठी सगळं पणाला लावलंस, त्याच्याच सेवेत राहा.

बारकाईनं पाहिलं तर या निवाड्यात दोन्ही बाजूंची नोंद आहे. पूर्ण माफी दिली असती तर अर्थ असा झाला असता की प्रेमापोटी पहारा सोडला तर चालतं, आणि रखवालदाराचं मरण हिशेबातच नाही. देहदंड दिला असता तर कायद्याला माणूस ओळखता येत नाही असा अर्थ झाला असता. राजानं दंड काढला, पण नोंद ठेवली. काळारुपेरी पोशाख उतरला तो उतरलाच. त्या ३०६ शिपायांच्या माफीतही दंड गेला आणि नोंद राहिली होती. फरक एवढाच की ती माफी यायला जवळजवळ ९० वर्षं लागली, आणि तोवर दंड भोगून झाला होता. बेरेगॉन्डला ती वेळेवर, तोंडावर, त्याच्या डोळ्यांत बघून मिळाली.

इथे एक रास्त आक्षेप येतो, तो आपण टाळू नये. कुणी म्हणेल, ही शिक्षा कसली, ही तर बढती झाली. साधा शिपाई होता तो नायक झाला. आणि रखवालदाराला काय मिळालं? त्याला घरदार असेल, मुलंबाळं असतील. आक्षेप बरोबर आहे. राजाच्या निवाड्यात रखवालदाराच्या घरच्यांसाठी काही नाही, आणि मेलेल्या दोन सेवकांसाठीही नाही. रॉसचा विचार शेवटपर्यंत न्यायचा तर त्यांची भरपाई हा हिशेबाचाच भाग ठरतो. कादंबरीतला न्याय सुंदर आहे, पण पुरा नाही. आमच्या मते तो अपुरेपणा वाचकानं लक्षात ठेवावा. राजाच्या दरबारात शौर्याची गाथा गायली जाते तेव्हा दारावर मेलेल्या माणसाचं नाव कुणी विचारत नाही, हे आपल्या जगातही खरंच आहे.

मग यातून आपण घरी काय न्यायचं? आपण काही तलवार घेऊन पहाऱ्यावर उभे नाही. पण इस्पितळाच्या दारावरचा सुरक्षारक्षक, कचेरीतला कारकून, बँकेतली काउंटरवरची मुलगी, बंदोबस्ताला लावलेला हवालदार, यांच्या कानावर 'वरून ऑर्डर आहे' हे वाक्य रोज पडतं. दहांतले नऊ वेळा ती ऑर्डर पाळणंच योग्य असतं, कारण संस्था त्यावरच चालतात. दहावी वेळ आली तर बेरेगॉन्डच्या गोष्टीतून तीन प्रश्न स्वतःला विचारता येतात. जे घडणार आहे ते नंतर दुरुस्त करता येईल का? आपल्याहून वरच्या, विवेकी माणसापर्यंत ही बातमी वेळेत पोहोचवता येईल का? आणि आपण जे मोडतो आहोत ते मोडायला लागेल तेवढंच मोडतो आहोत का, की त्या निमित्तानं जुने राग काढतो आहोत? पहिल्याचं उत्तर 'हो' आलं, तर कांटचं ऐकावं, काम करावं आणि मग जाहीर बोलावं. दुसऱ्याचं उत्तर 'हो' आलं, तर पिपिनसारखं धावावं. दोन्हींना 'नाही' आलं, तरच बेरेगॉन्डची वेळ आली असं समजावं.

आणि एक चौथा प्रश्न, जो कृती झाल्यावर येतो. त्याबद्दल कुणी शिकवत नाही. आपण बरोबर होतो हे सिद्ध झाल्यावर, सगळे पाठ थोपटत असताना, आपल्या बरोबर असण्यामुळे ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे आपण जातो का? नियम मोडून एखाद्याचं काम केलं, तेव्हा रांगेतला कुणीतरी मागे राहिला. अन्यायाविरुद्ध उभे राहिलो, तेव्हा आपल्याशेजारच्या गरीब सहकाऱ्याची बदली झाली. 'मी तत्त्वासाठी केलं' हे उत्तर त्याला पुरत नाही. त्याच्या दारी जावं लागतं, त्याचं ऐकून घ्यावं लागतं, जमेल ते भरून द्यावं लागतं. आज्ञा पाळणाऱ्याला कर्तव्यनिष्ठ म्हणायची आपली रीत आहे, अलीकडे आज्ञा मोडणाऱ्यालाही म्हणू लागलो आहोत. आम्हाला वाटतं की तो शब्द खरा शोभतो तो पाळून किंवा मोडून झाल्यावर हिशेबाला थांबणाऱ्याला.

कांट आणि रॉस यांच्यातला फरक आज घाईत झाला, तो पुढच्या वेळी सविस्तर घेऊ. आता प्रश्न असतील तर विचारा. आणि शक्य असेल त्यांनी तिसऱ्या भागातला समाधिगृहाचा प्रसंग आणि राज्याभिषेकानंतरचा निवाडा, ही दोन प्रकरणं पुढच्या वेळेपर्यंत जरूर वाचून या.